दंडाचा वाटेकरी



काही रविवारांपूर्वीची गोष्ट. सकाळची दुसरी मिस्सा आटोपून आम्ही नेहमीची चारपाच मंडळी क्रुसाजवळच्या ओट्यावर बसलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी तिथे आला. तो टेम्पो चालवतो. पहाटे आपल्या वाड्यांतली फुले आणि भाजी दादरला पोहोचवतो आणि परत आल्यावर एका दुकानाचा माल पोहोचवतो. मोबाईल माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "सर, हे बघा. माझ्या गाडीचे चलन आले आहे. त्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये उभी होती."

मी फोटो पाहिला. फोटो अंधूक होता. नंबरपाटीवरचा एक आकडा तीन आहे की आठ, ते चष्मा पुसूनही मला कळेना.

"मग तक्रार कर ना," मी म्हणालो.

"मोबाईलवरून केली, सर. चलन बरोबर आहे, एवढेच उत्तर आले. आता स्वतः जायचे, तर एक दिवस मोडायचा. दिवस मोडला की दंडापेक्षा जास्त गेले. भरून टाकतो आणि मोकळा होतो."

शेजारी एक तरुण इंजिनिअर बसला होता. तो म्हणाला, "अंकल, एखाददुसरी चूक होणारच. पण कॅमेरा हवाच. पूर्वी नाक्यावर काय चालायचे ते तुम्हीच सांगा. शंभराची नोट, नाहीतर कुणा साहेबाचे नाव. कॅमेऱ्याला काका-मामा नाहीत."

दोघांचेही म्हणणे मला पटले, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. घरी आल्यावर जेवतानाही तोच विचार डोक्यात होता. यंत्राने पकडावे आणि यंत्रानेच दंड करावा, यात न्याय वाढतो की कमी होतो? दुसरा प्रश्न त्याहून टोचणारा आहे. जो पकडतो, त्यालाच दंडातला वाटा मिळत असेल, तर त्या पकडण्याला न्याय म्हणायचे का?

आधी त्या तरुणाची बाजू घेतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. कॅमेरा चिरीमिरी घेत नाही. तो जात, धर्म, आडनाव पाहत नाही. आमदाराची गाडी आणि टेम्पो त्याला सारखेच. आपल्यासारख्या देशात, जिथे 'ओळख आहे का?' हा पहिला प्रश्न असतो, तिथे हा गुण लहान नव्हे. शिवाय असे कॅमेरे जीव वाचवतात. अमेरिकेतील शिकागो शहरातील सिग्नलच्या कॅमेऱ्यांचा तेथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने अभ्यास केला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात म्हटले होते, की कॅमेऱ्यांमुळे माणसे जखमी होणारे अपघात सुमारे १० टक्क्यांनी घटले. मागून धडकण्याचे अपघात मात्र वाढले, कारण लोक दंडाच्या धाकाने अचानक ब्रेक मारू लागले. तरी एकूण हिशेब चांगलाच म्हणायला हवा. आणि आपणही काही धुतल्या तांदळासारखे नाही. मिस्सेला उशीर झाला म्हणून एका स्कूटरवर तिघे बसून, हेल्मेट हँडलला अडकवून चर्चच्या दारात उतरणारी मंडळी आपल्यातलीच आहेत.

तेव्हा कॅमेरा नको, असे माझे म्हणणे नाही. पण त्याच शिकागोची पुढची हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेचेच उदाहरण का, असे कुणी विचारील. तिथे ही यंत्रे आपल्या फार आधी आली आणि त्यांच्यामुळे काय काय घडले, ते न्यायालयांच्या निकालांत आणि सरकारी चौकश्यांत नोंदले गेले आहे. पुढच्याला ठेच लागली, की मागच्याने शहाणे व्हावे.

सुरुवात कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरापासून करतो. तिथे सिग्नल तोडणाऱ्यांचे फोटो काढण्याचे काम एका खासगी कंपनीला दिले होते. दंड होता २७१ डॉलर. त्यातले ७० डॉलर कंपनीला मिळत. म्हणजे जितके लोक पकडले जातील, तितकी तिची कमाई. २००१ साली तिथल्या एका न्यायाधीशापुढे सुमारे ३०० वाहनचालकांची प्रकरणे एकत्र आली. शहराने आपले काम जवळजवळ पूर्णपणे कंपनीच्या हाती सोपवले आहे आणि कंपनीचा पैसा दंडावर अवलंबून आहे, तेव्हा हा पुरावा विश्वासार्ह मानता येत नाही, असे म्हणून त्याने तो पुरावा नाकारला. पुढे कॅलिफोर्नियाने कायदाच बदलला. २००४ पासून तिथे अशा कंपनीला चलनांच्या संख्येवर पैसे देण्यास बंदी आहे. किती पकडले याच्याशी तिच्या बिलाचा संबंध ठेवता येत नाही.

आता शिकागो. २००३ पासून तिथे सिग्नलवर कॅमेरे बसत गेले आणि पुढे त्यांची संख्या अमेरिकेतल्या इतर सगळ्या शहरांपेक्षा जास्त झाली. प्रत्येक चलन १०० डॉलरचे. २०१४ पर्यंत शहराने त्यातून ५० कोटी डॉलरहून अधिक रक्कम गोळा केली होती. कॅमेरे पुरवण्याचे कंत्राट रेडफ्लेक्स नावाच्या कंपनीकडे होते. जितके कॅमेरे जास्त, तितका तिचा धंदा मोठा. ती योजना सांभाळणारा शहराच्या वाहतूक खात्यातला अधिकारी या कंपनीकडून वर्षानुवर्षे लाच घेत होता, हे नंतर न्यायालयात सिद्ध झाले. २०१६ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. कंपनीच्या अमेरिकेतल्या माजी प्रमुख बाईंनाही तुरुंगवास झाला. २०१७ साली कंपनीने शहराला दोन कोटी डॉलर देऊन आपल्यावरचा दावा मिटवला.

आपल्या इंजिनिअर तरुणाला मला हेच सांगायचे आहे. कॅमेरा लाच घेत नाही, हे खरे. पण चिरीमिरी चौकातून उठली आणि कंत्राटाच्या टेबलावर जाऊन बसली. चौकातला हवालदार शंभर रुपये घेत होता, तेव्हा निदान ते आपल्याला दिसत तरी होते.

याच शहरातली दुसरी गोष्ट पैशाने छोटी आहे, पण मला ती लाचेपेक्षा जास्त अस्वस्थ करते. सिग्नलचा पिवळा दिवा कमीत कमी तीन सेकंद राहावा, असा तिथे दंडक आहे. विजेच्या दाबातल्या किरकोळ फरकामुळे यंत्राच्या नोंदीत तो कधीकधी किंचित कमी दिसतो. जुनी कंपनी असताना, तीन सेकंदांपेक्षा कमी नोंद दिसली की चलन रद्द होत असे. २०१४ च्या सुमारास कंत्राट नव्या कंपनीकडे गेले आणि शहराने गाजावाजा न करता ही मर्यादा २.९ सेकंदांवर आणली. एक दशांश सेकंदाचा फरक! ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात दीड मीटरसुद्धा पुढे जात नाही. पण शहराच्या महानिरीक्षकांनी चौकशी केली, तेव्हा आढळले की एवढ्या फरकामुळे सुमारे ७७ हजार जादा चलने फाडली गेली. त्यांची रक्कम ७७ लाख डॉलर.

इथे कुणी खोटा फोटो काढला नाही. कुणी लाच घेतली नाही. यंत्राने सगळ्यांना सारखेच वागवले. फक्त माप बदलले. माप लहान करून आणि वजन जड करून गरिबाला फसवणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्टा संतापला होता, ते आठवले. भाजीवाल्याने तराजूत काही केले, तर आपल्याला पासंग दिसतो आणि आपण भांडतो. पिवळ्या दिव्याचा पासंग कुणाला दिसणार?

म्हणून 'यंत्र निःपक्षपाती असते' या वाक्यापुढे मला नेहमी एक प्रश्न जोडावासा वाटतो. त्याला माप कुणी दिले? आणि ते माप सैल करताना किंवा आवळताना कुणाच्या खिशात काय पडणार होते?

पण सगळे पाप यंत्राच्या माथी मारणे हा अन्याय होईल. कॅमेऱ्याशिवायही हाच रोग कसा पसरतो, ते पाहा. अमेरिकेतील मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचे सुमारे एकवीस हजार वस्तीचे छोटे शहर आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे एका काळ्या तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला आणि शहर पेटले. त्यानंतर केंद्र सरकारच्या न्याय खात्याने तिथल्या पोलिसांची आणि न्यायालयाची चौकशी केली. मार्च २०१५ मध्ये अहवाल आला. त्या गावाचा कारभारच दंडावर चालला होता. २०१५ च्या अंदाजपत्रकात सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलरच्या उत्पन्नापैकी जवळजवळ ३१ लाख डॉलर दंड आणि शुल्कातून येतील, असे धरले होते. हिशेब पाहणारा अधिकारी पोलीसप्रमुखाला लिहीत होता, की चलने वाढली नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणे कठीण जाईल. गुन्हे वाढले आहेत, असे कुणी म्हणत नव्हते. चलने वाढवायची होती. शहरात काळ्या लोकांची वस्ती ६७ टक्के. चलने मात्र ९० टक्के त्यांच्याच नावावर.

त्या अहवालात एका बाईची हकीकत आहे. २००७ साली तिने एकदा चुकीच्या जागी गाडी उभी केली. त्यासाठी तिला दोन चलने आणि १५१ डॉलरचा दंड झाला, वर शुल्क वेगळे. ती गरीब होती, कधीकधी तिला राहायला घरही नसे. तारखा चुकल्या आणि दर चुकीला नवा दंड चढत गेला. दोनदा अटक झाली, सहा दिवस तुरुंगात काढावे लागले. तिने २५ डॉलर, ५० डॉलर असे हप्त्याने भरून पाहिले, तर पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते परत पाठवले. तोवर तिने एकूण ५५० डॉलर भरले होते. आणि डिसेंबर २०१४ मध्ये, म्हणजे सात वर्षांनंतर, तिच्या नावावर अजून ५४१ डॉलर बाकी होते.

मी हा परिच्छेद दोनदा वाचला. सावकाराच्या वहीतली बाकी कधी संपत नसे, असे आपले आजोबा सांगत. इथे सावकाराच्या जागी खुद्द न्यायालय होते.

गंमत अशी, की ज्या देशात हे घडले, त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने हा धोका फार पूर्वी ओळखला होता. तिकडे दारूबंदी होती, त्या काळातली ही गोष्ट. ओहायो राज्यातील एका खेड्यात दारूबंदीच्या खटल्यांचा निवाडा गावचा महापौर स्वतःच करीत असे. आरोपी दोषी ठरला, तरच महापौराला खर्चापोटी पैसे मिळत. सोडून दिला, तर काही नाही. एका खटल्यात आरोपीला १०० डॉलर दंड झाला आणि महापौराला १२ डॉलर मिळाले. हा खटला 'टुमी विरुद्ध ओहायो' या नावाने वरपर्यंत गेला आणि १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. महापौर खरोखर पक्षपाती होता का, हे न्यायालयाने तपासत बसले नाही. सर्वसाधारण माणसाला मोह पडेल अशी व्यवस्था असेल, तर ती व्यवस्थाच न्याय्य नाही, असे ते म्हणाले. पुढे १९७२ साली त्याच राज्यातील दुसऱ्या एका खेड्याच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. पैसा महापौराच्या खिशात न जाता गावाच्या तिजोरीत जात असला, तरी गावाचे बरेचसे उत्पन्न दंडातून येत असेल आणि गावाचा कारभार त्याच महापौराकडे असेल, तर त्याने न्यायाला बसू नये.

मोह पाहायचा, माणूस पाहायचा नाही, हे मला फार मोलाचे वाटते. आपण नेहमी म्हणतो, 'तो अधिकारी चांगला आहे हो.' असेल चांगला. पण त्याला ज्या खुर्चीवर बसवले आहे, ती खुर्ची कशी आहे?

बायबलमध्ये जकातदार इतके बदनाम का होते, हेही यातून कळते. रोमन लोकांनी आपल्या प्रांतांत करवसुलीचा मक्ता देण्याची पद्धत रूढ केली होती. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारजमा करी आणि वर जे काही उकळेल ते त्याचे. त्या व्यवस्थेत प्रामाणिक राहणे म्हणजे तोटा. आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती अशाच मक्त्याने दिल्या जात, आणि मामलेदाराकडे वसुलीबरोबर न्यायदानही असल्याने रयतेला दाद मागायला जागाच उरली नव्हती. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना धंदा सोडायला सांगितले नाही. नेमून दिले आहे तेवढेच घ्या, असे बजावले. यरीहोच्या जक्कयाने तर ज्यांना नाडले त्यांना चौपट परत करायचे कबूल केले. त्याला ते शक्य होते, कारण आपण कुणाकडून जास्त घेतले, हे त्याला चेहऱ्यानिशी ठाऊक असणार. ७७ हजार चलने फाडणाऱ्या यंत्राला कुणाचा चेहरा ठाऊक आहे?

चेहऱ्याचा विषय निघालाच आहे, तर पैशाइतकीच महत्त्वाची दुसरी बाजूही मांडतो. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात एका सद्गुणाचा विचार केला आहे. ग्रीक भाषेत त्याला एपिकेइया म्हणतात, आपण समन्याय म्हणू. कायदा सर्वसाधारण परिस्थितीसाठी केलेला असतो. माणसांच्या आयुष्यात मात्र नाना परी घडतात, असे ते सांगतात. त्यांचे उदाहरण साधे आहे. दुसऱ्याची ठेव परत करावी, हा कायदा. पण एखाद्याने तलवार ठेवायला दिली आणि वेड लागल्यावर तो ती मागायला आला, तर? त्याच्या हाती तलवार देणे हे कायद्याचे पालन नव्हे, तर ज्या हेतूने कायदा केला त्या हेतूचाच घात होय. अशा वेळी शब्द बाजूला ठेवून हेतूकडे पाहावे लागते, आणि असे पाहणे हा कायदा मोडणे नसून न्यायच आहे, असे ते म्हणतात.

आता सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाचे बघा. मागून रुग्णवाहिका भोंगा वाजवत येते. तो लाल दिवा असतानाही गाडी पुढे घेऊन वाट करून देतो. कॅमेऱ्याला चाक रेषेपलीकडे गेलेले दिसते. रुग्णवाहिका दिसली, तरी तिचा अर्थ कळत नाही. तो कळायला माणूस लागतो.

माणूस बघतो, असे कागदावर पुष्कळदा लिहिलेले असते. बाल्टिमोर शहरात कॅमेऱ्याचे प्रत्येक चलन पोलीस अधिकाऱ्याने पाहून, खात्री करून, सही करून पाठवावे, असा नियम होता. २०११ साली उघडकीस आले, की सुमारे दोन हजार चलनांवर ज्या अधिकाऱ्याची सही होती, तो काही महिन्यांपूर्वीच वारला होता. सही यंत्रात साठवलेली होती, ती आपोआप उमटत राहिली. पुढच्याच वर्षी त्याच शहरात, लाल दिव्याला उभ्या असलेल्या एका मोटारीला वेगमर्यादा ओलांडल्याचे चलन गेल्याचे तिथल्या वर्तमानपत्राने छापले. फोटोंमध्ये गाडी जागची हललेली नव्हती. २०१३ साली शहराने ती योजनाच थांबवली.

हवालदार ऐकून घेतो, तेव्हा तो मांडवलीही करू शकतो, हे मला कबूल आहे. ज्या कानांनी तो गर्भारशीला इस्पितळात नेणाऱ्या नवऱ्याचे ऐकतो, त्याच कानांनी तो साहेबाचे नावही ऐकतो. हे कोडे सोपे नाही आणि ते सुटले आहे, असा दावा मी करणार नाही. मला एवढेच वाटते, की पकडायचे काम यंत्राने खुशाल करावे. पण दोषी कोण हे ठरवण्याआधी कुणीतरी जिवंत माणसाने ते चित्र पाहिलेले असावे, आणि त्या माणसाच्या पगाराचा पकडलेल्यांच्या संख्येशी काडीचाही संबंध नसावा.

दंड सगळ्यांना सारखा, हाही न्यायच का, असा आणखी एक प्रश्न आहे. फिनलंडमध्ये मोठ्या वेगाचा दंड उत्पन्नावर ठरतो. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका संचालकाला मोटारसायकल वेगाने चालवल्याबद्दल १ लाख १६ हजार युरो दंड झाला होता. पुढे अपिलात तो खूप कमी झाला, पण जगभर चर्चा झाली. आपल्याकडे असे काही होईल, अशी आशा मी धरत नाही. पण मोटारीच्या काचा वर करून जाणाऱ्याला जो दंड पाकिटातल्या सुट्ट्या पैशांसारखा वाटतो, तोच टेम्पोवाल्याची दोन दिवसांची कमाई असतो, हे दंड ठरवणाऱ्यांनी एकदा तरी मनात आणावे.

आता आपल्या घरचे. आपल्या देशातही यासाठी नियम आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्यानुसार अशी यंत्रे प्रमाणित केलेली असावीत, कॅमेरा आहे हे सांगणारे फलक ठळकपणे लावावेत आणि गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत नोटीस पाठवावी, असे ठरले. यातला फलकाचा नियम मला विशेष आवडला. कॅमेरा लपवून ठेवला, तर माणसे पकडली जातात. फलक लावला, तर माणसे गाडी हळू करतात. यातले तुम्हाला कोणते हवे आहे, त्यावरून तुमचा हेतू कळतो.

यावरून मी माझ्यापुरती एक कसोटी तयार केली आहे, ती तुमच्यापुढे ठेवतो. समजा, उद्या सकाळपासून आपल्या भागातल्या प्रत्येकाने वाहतुकीचा प्रत्येक नियम पाळला. एकही चलन फाटले नाही. तर त्या दिवशी कोण वाईट वाटून घेईल? आईबाप सुटकेचा श्वास टाकतील. इस्पितळाच्या अपघात विभागातल्या सिस्टर सुटकेचा श्वास टाकतील. चौकात उन्हात उभा असलेला हवालदारही टाकील. पण कुणाचे तरी तोंड उतरणार असेल, कुणाचा तरी तिमाही हिशेब बिघडणार असेल, तर कायद्याच्या रखवालीत लोक नियम मोडत राहावेत अशी इच्छा धरणारा एक माणूस आपण पगारी ठेवला आहे. मग तो कितीही सज्जन असो.

ही कसोटी लावायला आपल्याकडे साधनही आहे. २००५ पासून माहितीचा अधिकार आहे. आपल्या भागातले कॅमेरे कोणत्या कंत्राटाखाली बसले, कंत्राटदाराला पैसे कशाच्या हिशेबाने मिळतात, चलनामागे की ठरावीक रकमेने, यंत्राचे प्रमाणपत्र कुठे आहे, आलेल्या तक्रारींपैकी किती मान्य झाल्या, हे सारे साध्या अर्जाने विचारता येते. आपल्या धर्मग्रामातल्या दोघा वकील मुलींशी मी बोललो आहे. अर्ज लिहून द्यायला त्या तयार आहेत. कुणाला सोबत यायचे असेल, तर पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ओट्यावर भेटावे. उत्तर कंत्राटदाराच्या बाजूचे आले, तर तेही मी याच पानावर छापायला देईन.

आणि माझ्या विद्यार्थ्याचे काय झाले? दंड भरू नकोस, म्हणून मी त्याला गळ घातली. मंगळवारी दादरहून आल्यावर, गॅरेजचे बिल आणि गाडीची कागदपत्रे घेऊन तो गेला. मीही बरोबर गेलो. नऊ वाजता पोहोचलो. आमचा नंबर दीडच्या सुमारास लागला. टेबलापलीकडच्या पोलीस बाईंनी फोटो संगणकावर मोठा करून पाहिला, बिलावरची तारीख पाहिली, परत फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "तीन नाही, आठ आहे हा. तुमची गाडी नव्हेच." चलन रद्द झाले. त्यांना ते पाहायला दोन मिनिटे लागली असतील. आम्ही बाहेर पडलो, तेव्हा दुकानदाराचे चार मिस्ड कॉल आलेले होते, आणि त्या दिवशीचा माल त्याने दुसऱ्याच्या टेम्पोतून पाठवला होता.